दुर्मीळ सोल रेकॉर्ड: पहिल्या पंचवीस तबकड्यांपर्यंतची वाट

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, जीव ओतून गायलेलं लोकप्रिय संगीत. सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. दुर्मीळ सोल रेकॉर्ड म्हणजे एखाद्या गाजलेल्या गायकाने मागे ठेवलेला खजिना नव्हे. बहुतेकदा ती चक्क पडेल रेकॉर्ड असते. १९६० च्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांत कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या असंख्य छोट्या कंपन्या होत्या. कंपनी म्हणजे काय, तर एक खोली, एक फोन आणि तासांच्या हिशेबाने भाड्याने घेतलेला स्टुडिओ. गाणं ध्वनिमुद्रित करायचं, काहीशे किंवा फार तर हजारभर प्रती काढायच्या, गावातल्या रेडिओवाल्यांना वाटायच्या आणि देवावर हवाला ठेवून बसायचं. रेडिओने वाजवलं तर नशीब. नाही वाजवलं तर उरलेल्या प्रती गोदामात, नाहीतर उकिरड्यावर. डेट्रॉइटच्या मोटाउन या बड्या कंपनीचं गाणं लाखांनी खपलं म्हणून ते आज चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतं. त्याच शहरातलं तितकंच चांगलं गाणं कुणी घेतलं नाही, म्हणून आज त्यासाठी महिन्याचा पगार मोजणारे लोक आहेत. किंमत ठरते ती त्या वेळच्या अपयशाने, गाण्याच्या गोडीने नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की तुमचे निम्मे पैसे वाचतात.

या पडेल गाण्यांना दुसरा जन्म मिळाला तो अमेरिकेत नाही, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणगावांत. ज्या मँचेस्टरच्या कापडाची आपल्याकडे होळी झाली त्याच मँचेस्टरमध्ये १९६३ साली 'ट्विस्टेड व्हील' नावाचा क्लब सुरू झाला. आठवडाभर कारखान्यात राबलेली पोरं शनिवारी रात्री तिथे येत आणि उजाडेपर्यंत नाचत. त्यांना हवी असायची जलद ठेक्याची, साठच्या दशकातली सोल. साठचं दशक सरेपर्यंत लंडनमध्ये फॅशन बदलली होती, फंक या नव्या धाटणीच्या संगीताचं वारं आलं होतं. फुटबॉलच्या सामन्यांसाठी लंडनला येणारी उत्तरेकडची मंडळी मात्र डेव्ह गॉडिन या संगीतलेखकांच्या रेकॉर्डच्या दुकानात तीच जुनी गाणी मागत. गॉडिन यांनी त्या मागणीला नाव दिलं 'नॉर्दर्न सोल' आणि १९७० साली मासिकातल्या आपल्या स्तंभात ते छापलं. तेव्हा लक्षात असू द्या, 'नॉर्दर्न' हे ऐकणाऱ्यांचं गाव आहे, गाणाऱ्यांचं नव्हे.

पुढे विगन गावात 'विगन कॅसिनो' आलं. सप्टेंबर १९७३ ते डिसेंबर १९८१. रात्री दोनला दार उघडायचं, सकाळी आठला बंद. दारूचा परवानाच नव्हता. माणसं नाचायला येत. पाय घसरता राहावा म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकत. मी मँचेस्टरला चार वर्षं नोकरीला होते, तेव्हा बोल्टनजवळच्या एका क्लबात पहिल्यांदा ती पांढरी जमीन पाहिली. नाचणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच होते. मला नाचता येत नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि तीन तासांत एकही ओळखीचं गाणं ऐकलं नाही. तिथेच लागण झाली.

आधी ऐका, सहा महिने तरी

रेकॉर्ड घ्यायची घाई करू नका. ही पायरी सगळे वगळतात आणि मग पस्तावतात. लंडनच्या एस रेकॉर्ड्सचं 'केंट' हे लेबल (म्हणजे ज्या नावाने रेकॉर्ड निघतात तो छाप) १९८२ पासून जुन्या सोल गाण्यांचे हक्क रीतसर घेऊन संग्रह काढतं. त्यांच्यासोबतच्या पुस्तिका म्हणजे शिकवणीच. शिकागोची 'न्यूमेरो ग्रुप' ही कंपनी २००३ पासून एकेका छोट्या लेबलचा इतिहास खणून काढते. त्यांच्या 'एक्सेंट्रिक सोल' मालिकेचा पहिला संग्रह ओहायोतल्या कॅपसोल या लेबलवर होता. हे सगळं आता मोबाइलवरही ऐकता येतं.

ऐकताना वहीत नोंदी करा. गायकाचं नाव तर लिहाच, पण लेबल, शहर, वर्ष, गीतकार आणि निर्माताही लिहा. दोनेक महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की तुमचा कान ठरावीक ठिकाणी ओढला जातो. कुणाला डेट्रॉइटचा दणकेबाज ढोल आवडतो, कुणाला शिकागोची मऊ, ब्रासने (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांनी) सजवलेली चाल. कुणाला दक्षिणेकडची संथ, काळीज पिळवटणारी 'डीप सोल' (हे नावही गॉडिन यांचंच). कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी बुटक्या, सजवलेल्या मोटारींत ऐकायला जी हळुवार प्रेमगाणी निवडली, त्यांचा वेगळाच पंथ आहे. सगळंच जमवू म्हणाल तर काहीच जमणार नाही. एक फांदी धरा. मी डेट्रॉइट धरलं, आणि त्यातही १९६४ ते १९६८.

डेट्रॉइट का, तर एका गमतीसाठी. मोटाउनचे पगारी वादक रात्री चोरून दुसऱ्या स्टुडिओंत वाजवायला जात. एड विंगेट यांच्या गोल्डन वर्ल्ड आणि रिक-टिक या लेबलांवरच्या कित्येक गाण्यांत तेच हात आहेत. म्हणजे ढोल तोच, बास तोच, फक्त कपाळावरचं नाव वेगळं. शेवटी मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांनी ही प्रतिस्पर्धी कंपनीच टप्प्याटप्प्याने विकत घेतली. हे कळलं की तुम्ही गायक शोधणं सोडून वादक शोधायला लागता, आणि मग स्वस्तातली उत्तम रेकॉर्ड हाती लागते.

वाजवायचं यंत्र

सोल रेकॉर्डचं खरं रूप म्हणजे सात इंची 'फॉर्टी-फाइव्ह', मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. आरसीए व्हिक्टरने ती १९४९ साली बाजारात आणली. अमेरिकन प्रतीचं मधलं भोक दीड इंचाचं असतं, त्यामुळे टर्नटेबलबरोबर त्या भोकात बसवायचा अडॉप्टर हवा. ब्रिटिश प्रतींना साधं छोटं भोक असतं. काहींचा मधला तुकडा काढता येतो.

सूटकेससारखे दिसणारे गोंडस, स्वस्त प्लेअर टाळा. त्यांची सुई पाच-सहा ग्रॅमच्या भाराने तबकडीवर बसते आणि साठ वर्षं टिकलेला खोबणीतला आवाज काही फेऱ्यांत खरवडून टाकते. सुईचा भार बदलता येईल असं टर्नटेबल घ्या, सुई गोल टोकाची घ्या, आणि भार कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) बनवणाऱ्याने सांगितला आहे तेवढाच ठेवा. बहुधा दोन ते तीन ग्रॅम. सुईवर खर्च करा, लाकडी पेटीच्या पॉलिशवर नको. नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने जुनं टर्नटेबल देऊ केलं तर एक प्रश्न विचारा: ते किती व्होल्टचं आहे आणि मोटर कुठली? तिकडे ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमतं, पण विजेच्या आवर्तनावर चालणारी जुनी मोटर आपल्याकडे सहाव्या हिश्शाने हळू फिरते. मग उड्या मारणारी नाचाची गाणी अंगाईसारखी ऐकू येतात.

तबकडी वाचायला शिका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी विद्या इथे आहे.

तबकडीच्या मधोमधचं लेबल तर सगळेच वाचतात. त्याहून महत्त्वाची आहे लेबल आणि शेवटची खोबण यांच्यामधली गुळगुळीत पट्टी. तिच्यावर काहीतरी कोरलेलं किंवा ठोकलेलं असतं: मॅट्रिक्स क्रमांक (मूळ साच्याची ओळख), ज्या स्टुडिओत मूळ लॅकरची तबकडी कापली त्याचा शिक्का, ज्या कारखान्यात प्रत निघाली त्याची खूण. न्यूयॉर्कच्या बेल साउंडचा ठसा असतो, नॅशव्हिल मॅट्रिक्सचा असतो. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या प्रतींवर छोटा त्रिकोण आणि त्याच्यापुढे आकडा कोरलेला असतो. आरसीएने इतरांसाठी काढून दिलेल्या प्रतींच्या क्रमांकाचं पहिलं अक्षर वर्ष सांगतं: एस म्हणजे १९६५, टी म्हणजे १९६६, यू म्हणजे १९६७. लेबलवर वर्ष छापलेलं नसताना ही अक्षरं पंचांगाचं काम करतात. तबकडी दिव्याखाली तिरपी धरा, भिंग घ्या आणि आकडे वहीत उतरवा.

दुसरी गोष्ट, तबकडी कशाची आहे? साठच्या दशकातल्या अमेरिकन फॉर्टी-फाइव्ह दोन प्रकारच्या असतात, व्हिनाइल आणि स्टायरीन. स्टायरीन हे कडक, ठिसूळ प्लॅस्टिक. त्याची तबकडी साच्यात ओतून बनवतात आणि लेबल नंतर चिकटवतात किंवा छापतात. व्हिनाइलमध्ये लेबल तबकडीबरोबरच दाबलं जातं. बोटाच्या नखाने कडेला हलकेच टिचकी मारा: व्हिनाइल दबका आवाज देतं, स्टायरीन किणकिणतं. वाकवून मात्र बघू नका. स्टायरीन वाकत नाही, मोडतं. जड सुईने ती भराभर झिजते, दिसायला चकचकीत असली तरी वाजताना खरखरते. म्हणून स्टायरीनच्या बाबतीत फोटोवर विश्वास ठेवू नका, वाजवून दाखवायला सांगा. शिकागोच्या सोलसाठी ओळखल्या जाणाऱ्या ओके कंपनीच्या जांभळ्या लेबलच्या तबकड्या बहुतेक स्टायरीनच्या आहेत, आणि नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा त्याच पडतात.

तिसरी, प्रत विक्रीची की प्रचाराची? रेडिओवाल्यांना द्यायच्या प्रतीवर बहुधा पांढरं लेबल असतं आणि विक्रीसाठी नाही असं छापलेलं असतं. गाणं पडलं असेल तर गंमत अशी होते की रेडिओला वाटलेल्या प्रती सापडतात आणि दुकानात गेलेल्या रंगीत लेबलच्या प्रती सापडत नाहीत. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं, तिथे डेमो म्हणजे प्रचाराच्या प्रतीला जास्त भाव. लेबलला ड्रिलचं छोटं भोक पडलेलं दिसलं तर घाबरू नका. न खपलेला माल कमी भावात काढताना पाडलेली ती खूण आहे. पडेलपणाचा सरकारी शिक्काच म्हणा. मला ती भोकं आवडतात.

आणि दोन्ही बाजू वाजवा. ग्लोरिया जोन्सचं 'टेन्टेड लव्ह' १९६५ साली चॅम्पियन लेबलवर निघालं ते मागच्या बाजूला. अमेरिकेत ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, उत्तर इंग्लंडच्या नाचघरांनी ते उचललं, आणि १९८१ साली सॉफ्ट सेल या जोडीने ते पुन्हा गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं.

अस्सल की नक्कल

ही माझी ठेच आहे, तुम्ही शहाणे व्हा.

एका मेळाव्यात एका विक्रेत्याच्या पेटीत मला हवी असलेली डेट्रॉइटची एक रेकॉर्ड दिसली. साठ पौंड. तिचा भाव त्याच्या तिप्पट, हे मला पाठ होतं. हात थरथरत होते. लेबलचा रंग बरोबर, अक्षरं बरोबर, भोक मोठं. घेतली. घरी येऊन सांगलीच्या मामाला व्हिडिओवर दाखवली. मामा नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जमवतो. सोल म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. त्याने लेबलकडे बघितलंसुद्धा नाही. "अगं, रंग काय दाखवतेस, नंबर वाच," म्हणाला. नंबर वाचला. अस्सल प्रतीवर कारखान्याचा ठोकलेला शिक्का असतो, माझ्या तबकडीवर हाताने ओरखडलेले चार आकडे होते, बाकी कोरं. सत्तरच्या दशकात नाचघरांची मागणी भागवायला काढलेली बिनहक्काची नक्कल. वरलिया रंगाला भुलले होते, दुसरं काय!

नकलांचा सुळसुळाट आहे कारण मागणी पन्नास वर्षं जुनी आहे. विगनच्या काळातच नकली प्रती निघायला लागल्या होत्या. ओळखायच्या खुणा अशा: लेबलवरची अक्षरं किंचित फुगलेली किंवा पुसट, कारण ती मूळ लेबलच्या फोटोवरून छापलेली असतात, अस्सल फक्त स्टायरीनवर निघालेली असताना तुमच्या हातातली व्हिनाइल आहे, मॅट्रिक्स पट्टीवर शिक्के नाहीत. मात्र हाताने कोरलेला क्रमांक दिसला म्हणजे नक्कलच असा नियम करू नका. कितीतरी अस्सल प्रतींवरही हातानेच कोरलेलं असतं. नियम एकच: खात्रीच्या अस्सल प्रतीच्या पट्टीचा फोटो शोधायचा आणि अक्षर न्‌ अक्षर ताडून बघायचं. डिस्कॉग्ज आणि फॉर्टीफाइव्हकॅट या संकेतस्थळांवर असे फोटो आणि क्रमांक मिळतात.

नक्कल आणि पुनर्मुद्रण यांत घोळ करू नका. हक्क घेऊन काढलेलं पुनर्मुद्रण ही चांगली गोष्ट आहे. गीतकाराला त्यातून पैसे मिळतात. तुम्ही आम्ही जुनी प्रत कितीला का घेईना, गायकाच्या घरी त्यातला छदामही जात नाही.

प्रत, भाव आणि लिलाव

प्रतीची अवस्था सांगायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्या फटीत बरेच जण पडतात. अमेरिकन पद्धतीत मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड अशी उतरंड आहे. ब्रिटिश पद्धतीत मिंट, एक्सलंट, व्हीजी, गुड. अमेरिकन व्हीजी प्लस म्हणजे साधारण ब्रिटिश एक्सलंट. नुसत्या 'व्हीजी'चा विस्तार 'फार चांगली' असा असला तरी व्यवहारात तिचा अर्थ 'खरखर ऐकू येईल, गाणं अजून शाबूत आहे' एवढाच. आणि 'गुड' म्हणजे गुड नव्हे. घेऊ नका.

लेबलवर कुणी पेनने नाव लिहिलंय, स्टिकर चिकटवलंय, कोपरा फाटलाय, या सगळ्याने भाव उतरतो आणि आवाजाला काहीही होत नाही. नवशिक्यासाठी ही पर्वणी आहे. माझ्या पेटीत एक तबकडी आहे, तिच्यावर कुणा मुलीने हृदयाचं चित्र काढून आत दोन अक्षरं लिहिली आहेत. तिच्यामुळे मला ती अर्ध्या भावात मिळाली, आणि कुणी तेवढेच पैसे वर घालून स्वच्छ प्रत दिली तरी मी बदलणार नाही.

भाव बघायचा तो मागितलेला नव्हे, मिळालेला. डिस्कॉग्जवर आधीच्या विक्रीचे आकडे दिसतात, पॉपसाइक या संकेतस्थळावर जुन्या लिलावांची नोंद सापडते. जॉन मॅनशिप या इंग्लंडमधल्या विक्रेत्यांच्या दरपुस्तिका दुर्मीळ सोलच्या वर्तुळात पंचांगासारख्या वापरतात. पण विक्रेत्याचं पंचांग आहे हेही ध्यानात ठेवा. लिलावात उतरण्याआधी कमाल आकडा कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. शेवटच्या मिनिटाला उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, हे मी अनुभवाने सांगते.

सगळ्यात महाग गोष्ट ऐकाच. फ्रँक विल्सन हे मोटाउनमध्ये गीतकार-निर्माते. १९६५ साली त्यांनी 'डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)' हे गाणं स्वतः गायलं. मोटाउनच्याच सोल नावाच्या लेबलवर प्रचाराच्या प्रती निघाल्या आणि मग प्रकाशनच रद्द झालं. गायक व्हायचं की निर्माता, यात त्यांनी निर्माता निवडलं असं सांगतात. प्रती नष्ट केल्या गेल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. त्यातली एक २००९ साली २५,७४२ पौंडांना गेली, आणि २०२० साली एक लाख पौंडांना विकली गेल्याच्या बातम्या आल्या. विगनमध्ये हे गाणं सुरुवातीला वाजलं ते एडी फॉस्टर या खोट्या नावाने.

खोटं नाव का, तर तेव्हा डीजे लेबलवर कागद चिकटवून ते झाकून टाकत आणि गाण्याला, गायकाला मनाला येईल ते नाव देत. दुसऱ्या डीजेला ती रेकॉर्ड सापडू नये म्हणून. त्याला 'कव्हर-अप' म्हणतात. मला नेहमी उलटं उदाहरण आठवतं: आपल्याकडे १९०२ साली ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीतून पुकारत, कारण तबकड्या जर्मनीत निघायच्या आणि तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळायला हवं. एकीकडे नाव पुसलं जाऊ नये म्हणून ओरडून सांगणं, दुसरीकडे नाव पुसूनच भाव वाढवणं.

तेच फ्रँक विल्सन यांचं गाणं १९७९ साली ब्रिटनमध्ये टॅमला मोटाउन लेबलवर रीतसर निघालं. खोबणीत गाणं तेच आहे आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात. मी ती प्रत घेतली आहे आणि अजिबात लाजत नाही.

कुठून सुरू करायचं

पहिल्या काही खरेद्या स्वस्तातल्या, अस्सल आणि नाचवणाऱ्या असाव्यात. मेजर लान्सचं 'द मंकी टाइम' घ्या. ओके लेबल, १९६३, गीतकार कर्टिस मेफिल्ड. जॅकी विल्सनचं ब्रन्सविकवरचं 'हायर अँड हायर', १९६७. रिक-टिकवर एडविन स्टारचं 'एजंट डबल-ओ-सोल', १९६५. मिरवुडवर जॅकी लीचं 'द डक', तेही १९६५. ही गाणी त्या काळी खपली होती, म्हणून चांगल्या प्रती फारसा खर्च न करता मिळतात. ओके, रिक-टिक, मिरवुड ही तीन लेबलं पाठ झाली की त्यांच्यावरच्याच कमी खपलेल्या गाण्यांकडे आपोआप वळाल. दुर्मीळपणाकडे जायची हीच सरळ वाट आहे.

ब्रिटनमध्ये असाल तर सोल नाइटला जा. नाचाच्या हॉलच्या कडेला टेबलांवर रेकॉर्डच्या पेट्या मांडलेल्या असतात. पेटी चाळण्याआधी मालकाला विचारा, पेला टेबलावर ठेवू नका, आणि नोंदी केलेली वही हातात ठेवा. जुनी मंडळी वही बघून पाघळतात. अमेरिकेत असाल, आणि मराठी मंडळी डेट्रॉइट-शिकागोच्या परिसरात काही कमी नाहीत, तर घरातलं जुनं सामान विकायच्या अंगणातल्या विक्रीत सकाळी लवकर पोचा.

पुण्या-मुंबईत असाल तर खरं सांगते: चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंदी चित्रपटांच्या ईपी (काही गाण्यांच्या छोट्या तबकड्या) मिळतील, नाट्यगीतं मिळतील, एखादी इंग्रजी पॉपची तबकडी मिळेल. डेट्रॉइटच्या पडेल रेकॉर्डची आशा धरू नका. मात्र तिथे जाच, हात बसवायला. पाचपन्नास रुपयांच्या तबकडीवर पट्टी वाचायचा, ओरखडे ओळखायचा सराव होतो. सोल मागवायची ती परदेशातून. एका तबकडीचं वजन चाळीसेक ग्रॅम, पण टपालखर्च एकीला आणि आठींना जवळपास सारखाच पडतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून साठवून मागवा. सीमाशुल्क आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क आधीच हिशेबात धरा. विक्रेत्याला दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घालायला सांगा. स्टायरीन असेल तर दोनदा सांगा.

घरी आल्यावर

डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खोबणीच्या दिशेने गोल पुसायचं, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. लेबल कोरडं राहू द्या. स्पिरिट वापरू नका. स्टायरीनला ते धोक्याचं, आणि चुकून आजोबांच्या ७८ च्या तबकडीला लागलं तर लाखच विरघळेल.

कोकणात, गोव्यात, मुंबईत खरा शत्रू पावसाळा आहे. कागदी पाकिटाला बुरशी धरते आणि ती तबकडीवर उतरते. तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला लावून ठेवू नका, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. बाहेरचं पाकीट पॉलिथिनचं चालेल, पीव्हीसीचं नको, ते काही वर्षांत तबकडीवर धुरकट डाग सोडतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर पाच मिनिटंही नको. पापड होतो.

सापडलेलं दाखवा

एकट्याने ऐकून हा नाद टिकत नाही. माझ्याकडे महिन्यातून एकदा पाच-सहा जण जमतात. प्रत्येकाने तीनच तबकड्या आणायच्या, त्यातली एक पाचशे रुपयांच्या आतली. वाजवण्याआधी भाव सांगायचा नाही; भाव ऐकला की माणसाचा कान बदलतो. आधी गाणं, मग लेबल, मग गोष्ट. नाचायला जागा ठेवा. टाल्कम पावडर एकदाच टाकली. खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतः वर आल्या, आणि त्यांनी फरशी बघितली.

दूरच्या मित्रांना पाठवायचं असेल तर लेबलचा आणि मॅट्रिक्स पट्टीचा स्पष्ट फोटो काढा, उजेड तिरपा ठेवा. गीतकार आणि निर्माता यांची नावं लिहा. दोन्ही बाजूंबद्दल लिहा. प्रतीत दोष असेल तर तोही लिहा. पूर्ण गाणं नेटवर चढवण्याआधी थांबा, त्याचे हक्क कुणाकडे तरी असतात. रीतसर पुनर्मुद्रण निघालं असेल तर त्याचा पत्ता द्या. आणि कव्हर-अपची हौस नको. विचारणाऱ्याला नाव सांगितलं म्हणून माझी एकही रेकॉर्ड हातची गेलेली नाही. उलट डेट्रॉइटच्या दोन तबकड्यांचा माग मला अशाच एका विचारणाऱ्याने लावून दिला.

वहीत प्रत्येक तबकडीपुढे रकाने आखा: लेबल, क्रमांक, मॅट्रिक्स, कुठे मिळाली, किती पडली, अवस्था. शेवटी मी एक रकाना जास्तीचा ठेवलाय, कुणाला ऐकवली. माझ्या सगळ्यात महाग रेकॉर्डपुढे त्या रकान्यात दोन नावं आहेत. आठ पौंडांच्या मेजर लान्सपुढे जागा संपली म्हणून समासात लिहावं लागतंय, आणि त्यात मामाचं नाव तीनदा आहे.